देशसेवेची सात व्रते : भारत सेवक समाजाचे पहिले सेवक

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर चार माणसे चढून गेली. त्यांतील ज्येष्ठाचे वय ३९ वर्षांचे होते. सभा नव्हती, ध्वज नव्हता, व्याख्यान नव्हते. ज्येष्ठाने प्रथम स्वतः सात शपथा घेतल्या आणि मग त्या उरलेल्या तिघांना दिल्या. ते ज्येष्ठ म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. शपथ घेणारे तिघे म्हणजे नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ या नावाने पुढे देशभर ओळखली गेलेली संस्था त्या दिवशी जन्माला आली. मराठीत तिला ‘भारत सेवक समाज’ म्हणतात. १९५२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने याच नावाची दुसरी एक संस्था निघाली. तिच्याशी या समाजाची अनेकदा गल्लत होते, म्हणून हा खुलासा आरंभीच करून ठेवतो.

शपथ आणि व्रत हे शब्द आपल्या वाचकांना परके नाहीत. दारिद्र्य, शुद्धता आणि आज्ञापालन या तीन व्रतांनी बांधलेली माणसे आपण धर्मग्रामात, शाळेत, रुग्णालयात पाहत आलो आहोत. परंतु कोणत्याही एका धर्माचे नाव न घेता, संसार न सोडता, केवळ देशासाठी असे व्रत घेऊन जन्मभर राबावयाचे, ही कल्पना आमच्या सार्वजनिक जीवनात त्या काळी नवीच होती. समाजाच्या घटनेच्या प्रास्ताविकात गोखल्यांनी स्वच्छ लिहिले की राष्ट्रउभारणीचे काम आता अशा टप्प्याला आले आहे, की त्यासाठी खास शिक्षण घेतलेली आणि खऱ्या मिशनरी वृत्तीने झटणारी माणसे हवीत. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे. ‘मिशनरी’ हा शब्द त्यांनी सहज वापरलेला नाही. त्यामागे पुण्यातलीच एक जुनी कथा आहे, आणि ती थोडी भांडणाची आहे.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली. चिपळूणकर, टिळक, आगरकर या तरुणांच्या मनात तेव्हा जो आदर्श होता तो, वाचकांना नवल वाटेल, येशूसंघाच्या धर्मगुरूंचा होता. पोटापुरते घ्यावे, उरलेले सगळे आयुष्य शिक्षणाला द्यावे, बाहेर कमाई करू नये, असे ते तत्त्व. १८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला, तेव्हा त्या प्रदीर्घ पत्रात त्यांनी या ‘जेज्वीट’ धर्तीच्या त्यागाची आठवण सहकाऱ्यांना करून दिली आहे. तक्रार अशी, की आजीव सभासद मूळ तत्त्वापासून ढळले; पगारवाढ मागू लागले, बाहेरची कामे घेऊ लागले. आणि या वादाला शेवटची ठिणगी पडली ती तरुण प्राध्यापक गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यामुळे! टिळकांच्या मते आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा होता. गोखल्यांच्या मते सार्वजनिक सेवाही सेवाच होती.

या वादात कोण बरोबर होते हे ठरविण्याचे आज कारण नाही. परंतु पंधरा वर्षांनी गोखल्यांनी आपल्या समाजासाठी जी व्रते लिहिली, त्यांतील चौथे व्रत वाचताना टिळकांचे ते पत्र आठवल्यावाचून राहत नाही. त्या व्रतानुसार सेवकाने समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानावयाचे आणि स्वतःसाठी पैसा मिळविण्यात आपल्या शक्तीचा कणही खर्च करावयाचा नाही. टिळकांनी मागितलेली अटच जणू गोखल्यांनी अधिक कडक करून स्वीकारली. फक्त क्षेत्र बदलले. शिक्षणसंस्थेच्या जागी सारा देश आला. स्वतः गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये आपला वायदा पुरा केला होता, आणि १९०२ साली निवृत्त होऊन ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले होते. सांगणाऱ्याने आधी करून दाखविले होते, हे महत्त्वाचे.

दुसरे एक मूळ आम्हांस १८९७ सालात दिसते. त्या वर्षी गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यात प्लेग आला होता, आणि घरझडती घेणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयी पुण्याहून त्यांना भयंकर हकिगती कळविण्यात आल्या. स्त्रियांवर अत्याचार झाल्याची गोष्ट त्यांनी तेथील वृत्तपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते, पुरावा उभा राहिना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीने पुण्यात त्यांची जी निर्भर्त्सना झाली ती पुढे अनेक वर्षे त्यांचा पिच्छा पुरवीत राहिली. ऐकीव गोष्ट बोलून बसण्याची किंमत ज्या माणसाने एवढी मोजली, त्याने आपल्या संस्थेत उमेदवाराला पाच वर्षे जाहीरपणे बोलू न देण्याचा नियम करावा, यात आम्हांला तरी एक संगती दिसते. गोखल्यांनी हे कारण कोठे दिलेले नाही. ही संगती आमची आहे.

तो नियम असा होता. समाजात येणाऱ्याने पाच वर्षे उमेदवारी करावयाची. त्यांतली तीन वर्षे पुण्याच्या मुख्य गृहात राहून इतिहास, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था, कायदा यांचा अभ्यास. दोन वर्षे देशात हिंडून लोकस्थिती डोळ्यांनी पाहणे. या काळात पहिल्या सभासदाच्या, म्हणजे गोखल्यांच्या, परवानगीवाचून सभेत भाषण नाही आणि वृत्तपत्रात लेख नाही. पहिल्या सभासदाच्या शब्दाबाहेर जावयाचे नाही, हेही ठरलेले. ज्या शहरात चौकाचौकात वक्ते होते आणि प्रत्येक पक्षाचे स्वतंत्र पत्र होते, त्या शहरात पदवीधर तरुणांनी पाच वर्षे तोंड मिटून आकडेवारीचे अहवाल वाचीत बसावे, ही गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. १९५५ साली कँडीहून पुण्यात आलेल्या पेपल सेमिनरीतील तरुणांची वर्षानुवर्षांची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मात्र हे चमत्कारिक वाटणार नाही.

सात व्रतांपैकी चौथे वर आले आहे. उरलेल्यांत देशाला मनात सदैव पहिले स्थान देणे आणि आपल्यातील उत्तम ते त्याला वाहणे हे पहिले. देशसेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे हे दुसरे. सर्व भारतीयांना बंधू मानून जात वा धर्म यांचा भेद न करता सर्वांच्या उन्नतीसाठी झटणे हे तिसरे. पाचवे शुद्ध खाजगी जीवनाचे. सहावे आम्हांस विशेष वाटते : कोणाशीही वैयक्तिक भांडण करावयाचे नाही. पुण्याच्या सार्वजनिक जीवनात राहून हे व्रत लिहिणाऱ्याला आपल्या गावाची नाडी चांगली कळली होती, एवढेच म्हणतो! सातवे समाजाचे ध्येय डोळ्यांपुढे ठेवून त्याचे हित जपण्याचे.

आपल्या संन्यस्त जीवनाशी तुलना करताना एक फरक मात्र विसरता कामा नये. येथे ब्रह्मचर्याचे व्रत नव्हते. सेवक संसारी होते. तुटपुंज्या वेतनात त्यांच्या बायकामुलांनाही राहावयाचे होते. व्रत पुरुषाने घ्यावयाचे आणि त्याचा निम्मा भार, ज्यांना कोणी विचारले नाही अशा स्त्रियांनी वाहावयाचा, असा हा हिशेब होता. समाजाच्या चरित्रग्रंथांत या गृहिणींविषयी फारसे सापडत नाही. पहिल्या पिढीत शपथ घेणारे सारे पुरुषच होते आणि त्यांतील बहुतेक उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेले होते, हेही नमूद केले पाहिजे. तिसऱ्या व्रतात जातिभेद नव्हता. सभासदांच्या यादीत तो आपोआप आला.

आता माणसांकडे वळू. टेकडीवरच्या त्या तिघांपैकी द्रविड नागपूरला गेले. तेथे १९११ साली निघालेल्या ‘हितवाद’ पत्राशी आणि मध्यप्रांतातील कामाशी त्यांचे नाव जोडले गेले. पटवर्धन पुण्यातच राहिले. ‘ज्ञानप्रकाश’ हे १८४९ साली निघालेले पत्र १९०९ मध्ये समाजाकडे आले. त्याचा आणि छापखान्याचा भार त्यांनी वाहिला. वर्तमानपत्राचा जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाचे पुतळे उभारले जात नाहीत. परंतु ‘केसरी’च्या गावात मवाळांचे दैनिक चालविणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध नाव हाकणे होते. तरी ते पत्र १९५१ पर्यंत टिकले.

तिसरे देवधर. या लेखात त्यांना अधिक जागा देण्याचा आमचा मानस आहे, कारण पुण्याने त्यांना जवळजवळ विसरून टाकले आहे. देवधर पुण्याचेच, आणि समाजात येण्यापूर्वी शिक्षकाचा व्यवसाय केलेले. गोखल्यांना वक्ते पुष्कळ मिळाले असते. देवधर ही वेगळीच चीज होती. पैसा, धान्य, माणसे आणि वेळ यांची सांगड घालून काम उभे करण्याची विलक्षण हातोटी त्यांच्यापाशी होती. १९०७-०८ मध्ये संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, दुष्काळ पडला तेव्हा समाजातर्फे मदतकार्याला देवधर गेले. पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस परक्या भाषेच्या मुलखात खेड्याखेड्यांतून हिंडतो, कोणाला काय हवे त्याच्या याद्या करतो, वर्गणीच्या पैचा हिशेब देतो. तरुण संस्थेची देशाला पहिली ओळख झाली ती अशी.

परत आल्यावर त्यांनी हाती घेतलेले काम पुणेकरांच्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या बरोबरीने देवधरांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू केले. मुंबईस बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी आदल्या वर्षी काढलेल्या सेवासदनाचे हे पुण्यातील रोप. परंतु ते मूळ झाडापेक्षा अधिक फोफावले. रमाबाईंच्या वाड्यात प्रौढ स्त्रियांचे वर्ग भरू लागले. विधवांना आणि परित्यक्तांना अक्षरओळख, शिवण, अध्यापनाचे शिक्षण आणि शुश्रूषेचे शिक्षण. यांतले शेवटचे सर्वांत अवघड होते. ब्राह्मण विधवेने ससून रुग्णालयात जाऊन परजातीच्या, परधर्माच्या रुग्णाचे मलमूत्र काढावे, जखमा धुवाव्यात, ही गोष्ट त्या काळच्या सदाशिव-नारायण पेठेला पचणारी नव्हती. रुग्णसेवेची परंपरा आपल्या धर्मभगिनींनी चालविलेली आपल्याला ठाऊक असल्याने या पावलाचे मोल आपण अधिक समजू शकतो. सेवासदनाच्या मुली ससूनमध्ये परिचारिका झाल्या, आणि शुश्रूषा हा सभ्य घरातील हिंदू स्त्रीचा पेशा होऊ शकतो हे पुण्याने निरुपायाने का होईना मान्य केले.

रमाबाई संस्थेच्या अध्यक्ष आणि तिचा चेहरा होत्या. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० च्या पुस्तकाला प्रस्तावनाही गोखल्यांचीच आहे. देवधर चिटणीस. अध्यक्षांची पुण्याई आणि चिटणीसाची पायपीट असा हा जोड होता. १९२४ साली रमाबाई गेल्या, तरी काम खंडले नाही. लक्ष्मी रस्त्यावरून जाताना सेवासदनाची पाटी सर्वांना दिसते. तिच्यामागे देवधर होते हे किती जणांना ठाऊक असेल?

१९२१ साली मलबारात मोपल्यांचे बंड झाले. दंगल, लष्करी कायदा, जाळपोळ यांत सापडून हजारो कुटुंबे निराधार झाली. हिंदू निर्वासितांना कोणी मदत करावी आणि मोपल्यांच्या बायकामुलांना कोणी, अशी वाटणी तेव्हाही होऊ पाहत होती. देवधर तेथे पोहोचले आणि त्यांनी मदतीच्या छावण्या चालविल्या. बंड शमल्यावर बहुतेक मदतसमित्या आपापल्या गावी परततात, तसे त्यांनी केले नाही. शाळा काढावी, पतपेढी काढावी, मोडलेली वस्ती पुन्हा उभी करावी, या हेतूने तेथे पुनर्रचनेचे कायमचे काम सुरू झाले, आणि त्यासाठीच्या विश्वस्तनिधीला पुढे देवधरांचेच नाव मिळाले. तिसरे व्रत कागदावरून उतरून जमिनीवर आलेले पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे. १९२७ मध्ये देवधर समाजाचे अध्यक्ष झाले आणि १९३५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

गोखल्यांनंतरचे पहिले अध्यक्ष मात्र व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. मद्रासेच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे हे मुख्याध्यापक. चांगली नोकरी सोडून १९०७ साली पुण्यास येऊन शपथ घेते झाले. त्यांच्या इंग्रजीची कीर्ती ऐकून विलायतेतील लोकही थक्क होत. प्रिव्ही कौन्सिलर, १९२७ पासून दक्षिण आफ्रिकेत भारताचे पहिले एजंट, असे मोठे मान त्यांना मिळाले, आणि हिंदी मुलांसाठी दरबान येथे निघालेले शास्त्री महाविद्यालय त्यांचेच स्मारक आहे. परंतु वाणी हे सामर्थ्य असलेल्या अध्यक्षाच्या काळात समाजाचा कल कायदेमंडळांकडे व परिषदांकडे अधिक झुकला, असे आम्हांला वाटते. देवधर मलबारात तांदूळ वाटीत होते तेव्हा शास्त्री साम्राज्य परिषदेत बोलत होते. दोन्ही सेवाच, पण लोकांच्या लक्षात कोणती राहते हे सांगावयास नको.

समाजाच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रवेश फेब्रुवारी १९१५ चा. जानेवारीत आफ्रिकेहून परतलेले मोहनदास गांधी पुण्यास आले. गोखल्यांची इच्छा होती की गांधींनी समाजाचे सभासद व्हावे. गोखले खंगले होते. समाजाच्या अतिथिगृहासमोरील मोकळ्या जागेत गांधींच्या स्वागतासाठी भुईमुगाचे दाणे, खजूर, ताजी फळे असा अल्पोपाहार ठेवला होता. प्रकृती ठीक नसतानाही गोखले आपल्या खोलीतून चालत तेथे आले आणि मूर्च्छा येऊन पडले. त्यांना उचलून आत नेले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की कार्यक्रम चालू द्या. ही हकिगत गांधींनी आत्मचरित्रात नोंदविली आहे.

सभासदांचे मत मात्र दुभंगले. गांधींची रीत आणि आपली रीत जुळत नाही, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. गोखल्यांनी गांधींना सांगितले की माझे सहकारी आपल्या तत्त्वांना जपणारे आहेत. ते तुम्हाला घेवोत वा न घेवोत, मी तुम्हाला सभासदच समजणार. त्यांनी डॉ. देव या आपल्या सहकाऱ्याला बोलावले आणि समाजाच्या वहीत गांधींच्या नावे खाते उघडावयास सांगितले. आश्रमासाठी व सार्वजनिक कामासाठी लागेल ते यांना द्यावे, असा आदेश दिला. १९ फेब्रुवारीस गोखले गेले. ज्यांच्याशी पंचवीस वर्षे वाद झाला त्या टिळकांनी स्मशानात त्यांना भारताचा हिरा म्हटले. गांधी शांतिनिकेतनातून धावत आले आणि वर्षभर अनवाणी राहिले. त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. पण मतभेद तीव्र आहेत असे दिसताच, आपल्यामुळे संस्थेत फूट पडू नये म्हणून तो स्वतःच मागे घेतला. कोणाशीही वैयक्तिक भांडण न करण्याचे सहावे व्रत, व्रत न घेतलेल्या माणसाने पाळले, असे म्हणण्याचा मोह होतो.

समाजाने तेव्हा चूक केली काय? आमचे मत असे की नाही. गांधी आत आले असते तर एक तर समाज राहिला नसता वा गांधी गांधी राहिले नसते. पण त्याची किंमत जबर होती. समाजाच्या प्रास्ताविकात ब्रिटिश संबंध हा ईश्वरी योजनेने हिंदुस्थानच्या हितासाठी आलेला मानला होता. १९०५ मध्ये ते वाक्य मवाळपणाचे होते. १९१९ नंतर, जालियनवाला बागेनंतर, ते तरुणांना असह्य झाले. आयुष्य देऊ पाहणारा पदवीधर आता पुण्याच्या ग्रंथालयात नव्हे, साबरमतीच्या वाटेला लागला. तेथेही व्रते होती, दारिद्र्य होते. शिवाय तुरुंग होता.

तरीही त्या खाते उघडणाऱ्या डॉ. देवांची पुढची वाट पाहा. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात समाजाचे मोठे स्वयंसेवक पथक पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली गेले, त्यात देव वैद्यकीय अधिकारी होते. गांधींची फिनिक्सची मंडळीही तेथे मदतीस होती. १९१७ साली गांधींनी चंपारणातील खेड्यांत शाळा व आरोग्याचे काम काढले तेव्हा त्यांनी डॉ. देवांनाच मागून घेतले. एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम, एवढीच औषधे. जीभ पांढरी दिसली की एरंडेल, ताप असला की आधी एरंडेल आणि मग क्विनाइन, खरूज-फोडांना मलम. यापुढचे काही असले की डॉ. देवांचा सल्ला. विहिरी आणि रस्ते साफ करण्यासाठी हा पदवीधर वैद्य गावकऱ्यांना हाताशी धरून स्वतः राबला. अर्जावरून दुभंगलेली संस्था आणि अर्ज मागे घेणारा उमेदवार यांच्यामधला हा पूल होता.

उरलेल्यांत दोघांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १९०९ साली समाजात आले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली : रात्रीच्या शाळा, वाचनालये, पतसंस्था. गिरणगावातील कामगार रंगभूमी ज्या परळच्या दामोदर नाट्यगृहात वाढली तेही या लीगचेच. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि पुढल्या वर्षी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. मुंबईचा डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग आहे. दुसरे अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर. भावनगरचा हा तरुण पुण्याच्याच कॉलेजातून अभियंता झाला. मुंबई महापालिकेच्या नोकरीत असताना सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. विठ्ठल रामजी शिंदे आणि देवधर यांच्या सहवासात मनाचा निश्चय झाला, आणि १९१४ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, नोकरी सोडून ते समाजात दाखल झाले. १९२२ मध्ये पंचमहालात दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ, १९३२ च्या पुणे करारानंतर हरिजन सेवक संघाचे चिटणीसपद, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संविधानसभेच्या आदिवासी क्षेत्रांविषयीच्या एका उपसमितीचे अध्यक्षपद. हरिजन सेवक संघाच्या दिशेविषयी डॉ. आंबेडकरांचे तीव्र मतभेद होते आणि ते लवकरच त्यातून बाहेर पडले, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण ठक्कर बाप्पांच्या वैयक्तिक तळमळीविषयी शंका घेण्यास जागा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात यावी. जोशींची लीग, देवधरांचे सेवासदन, ठक्करांचे मंडळ. समाजाच्या प्रत्येक कर्त्या माणसाने दुसऱ्याच नावाची संस्था उभी केली आणि लौकिक त्या नावाला मिळाला. समाजाच्या आवारातच १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले, आणि काही वर्षांतच लोक आवाराला त्या संस्थेच्याच नावाने ओळखू लागले. आईचे नाव लेकरांनी झाकले. दुसरे आणखी घाव होतेच. १९२६ च्या आगीत आर्यभूषण व ज्ञानप्रकाश छापखाने जळाले. १९१८ पासून चाललेले ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक १९३९ मध्ये बंद पडले.

१९३६ मध्ये कुंझरू अध्यक्ष झाले ते १९७८ साली मृत्यू येईपर्यंत. बेचाळीस वर्षे! हा माणूस इतका निर्लोभ, की देऊ केलेले भारतरत्नही त्यांनी नाकारले. मराठी माणसाला मात्र त्यांचे नाव वेगळ्या कारणाने आठवते : १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या तिघा सदस्यांत ते होते, आणि त्या आयोगाने मुंबईचे द्वैभाषिक सुचविले. पुण्यातील संस्थेच्या अध्यक्षाची त्या अहवालावर सही असावी आणि पुण्याच्याच रस्त्यांवर त्याविरुद्ध मोर्चे निघावेत, असा तो काळ होता. परंतु एकाच व्यक्तीने बेचाळीस वर्षे अध्यक्ष राहावे, याचा अर्थ तिच्या व्यक्तिमत्त्वात जितका शोधावा तितकाच मागे उभ्या असलेल्या रांगेतही शोधावा. ती रांग आखूड होती. स्वातंत्र्यानंतर शिकलेल्या तरुणाला सरकारी सेवा, विद्यापीठ, पुढे स्वयंसेवी संस्थांची पगारी कामे असे अनेक दरवाजे उघडले. संस्थेकडे जमीन राहिली, ग्रंथ राहिले, इमारती राहिल्या. शपथ घेणारे विरळ झाले. अलीकडच्या वर्षांत समाजाचे नाव वृत्तपत्रांत आले ते कारभाराच्या आणि पैशाच्या वादांच्या बातम्यांतून. गोखल्यांचे चौथे व्रत ज्या आवारात वाचले गेले, त्याच आवाराविषयीच्या या बातम्या वाचताना मनाला यातना होतात.

देवधरांविषयी एक सांगावयाचे राहिले. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात, समुद्रकाठी, तानूर नावाचे गाव आहे. वस्ती बहुतांशी मुसलमान मच्छीमारांची व शेतकऱ्यांची. तेथे सरकारी माध्यमिक शाळा आहे आणि तिला ‘देवधर’ हे नाव आहे. मल्याळी मुले हा शब्द आपल्या उच्चारात रोज बोलतात.